आकडे बरोबर, पान विस्कटलेलं: सांख्यिकी सॉफ्टवेअरची पीडीएफ नीट कशी करावी

विश्लेषण झालेलं असतं, आकडे दोनदा तपासलेले असतात, आणि सॉफ्टवेअरला ‘पीडीएफ काढ’ म्हटलं की जे हाती येतं ते वरिष्ठांकडे पाठवायची लाज वाटते. तक्त्याचा शेवटचा रकाना कागदाबाहेर गेलेला. आलेख आपल्या परिच्छेदापासून दोन पानं लांब. टक्केवारीला दशांशचिन्हानंतर सात अंक. निकालाच्या प्रत्येक ओळीआधी दोन-दोन हॅश. आणि मराठी शीर्षक जिथे असायला हवं तिथे कोरी जागा.

मग बहुतेक जण सगळं वर्डमध्ये ओततात आणि हाताने आवरत बसतात. एकदाच करायचं असेल तर हरकत नाही. पण डेटा एकदाच कधी येतो? ‘दोन तालुक्यांची माहिती राहिली होती, ती धरून पुन्हा पाठवा’ असा निरोप येतोच, आणि हाताने केलेली सगळी सजावट पुन्हा पहिल्यापासून. म्हणून सजावटही सूचनांमध्येच लिहून ठेवायची. ते जमायला आधी एक गोष्ट लक्षात घ्यावी लागते: पान सांख्यिकी सॉफ्टवेअर मांडतच नाही. ते दुसरंच कोणीतरी मांडतं, आणि आपण नेमके चुकीच्या माणसाशी भांडत असतो.

पान मांडतं कोण?

उदाहरणासाठी ‘आर’ हे सांख्यिकी सॉफ्टवेअर घेऊ, कारण फुकट असल्यामुळे विद्यापीठांत, सर्वेक्षण करणाऱ्या संस्थांत आणि संशोधन करणाऱ्या विद्यार्थ्यांत तेच जास्त दिसतं. आरमध्ये अहवाल लिहिताना मजकूर आणि आकडेमोडीच्या सूचना एकाच फाइलमध्ये असतात. ही कल्पना जुनी आहे. २००२ च्या सुमारास फ्रीडरिश लाइश यांनी त्यासाठी ‘स्वीव्ह’ आणलं, २०१२ मध्ये यिह्वे शिए यांचं ‘निटर’ आलं, त्यावर ‘आर मार्कडाउन’ उभं राहिलं आणि २०२२ पासून ‘क्वार्टो’ आहे.

बटण दाबल्यावर ही फाइल तीन हातांतून जाते. पहिला हात निटरचा: तो आरकडून आकडेमोड करून घेतो, आलेख काढून घेतो आणि उत्तरं मजकुरात बसवतो. दुसरा ‘पॅनडॉक’चा. बर्कलीला तत्त्वज्ञान शिकवणारे प्राध्यापक जॉन मॅकफार्लेन यांनी २००६ मध्ये सोडलेलं हे रूपांतराचं साधन साध्या मजकुराचं लाटेकच्या भाषेत रूपांतर करतं. तिसरा हात लाटेकचा, आणि पान खऱ्या अर्थाने मांडतो तो हाच. याच्या मुळाशी डोनाल्ड कनूथ यांचं ‘टेक’ आहे. आपल्या ग्रंथाच्या नव्या आवृत्तीची मुद्रितं बघून वैतागलेल्या कनूथनी १९७७ मध्ये अक्षरजुळणीचा स्वतःचा प्रोग्रॅम लिहायला घेतला. त्यावर लेस्ली लॅम्पोर्ट यांनी १९८० च्या दशकात लाटेक रचलं. ओळ कुठे तोडायची, आलेख कुठल्या पानावर ठेवायचा, समास किती सोडायचा, हे सगळं लाटेक ठरवतं. आरला त्यातलं काहीच माहीत नसतं.

आता वरची तक्रारींची यादी पुन्हा बघा. दशांशानंतरचे सात अंक ही आरची करणी. ते तिथेच पूर्णांकित करायला हवेत. ओळीआधीचे हॅश आणि ‘अमुक पॅकेज (म्हणजे वरून जोडायचा सोयींचा संच) लोड झालं’ असले निरोप निटर घालतो. सूचना, इशारे, निरोप आणि ओळीआधीचे हॅश दाखवू नकोस असं त्याला फाइलच्या सुरुवातीला एकदा सांगितलं की प्रश्न मिटतो. पळालेला आलेख आणि कागदाबाहेरचा तक्ता लाटेककडे. गायब मराठीही लाटेककडेच, म्हणजे निम्मी. उरलेल्या निम्म्याबद्दल पुढे सांगतो.

कोण चुकतंय ते कळत नसेल तर मधली लाटेकची फाइल पुसू नकोस, असं सांगायची सोय आर मार्कडाउन आणि क्वार्टो दोन्हींत आहे. ती फाइल उघडून बघायची. तिच्यातच आकडा चुकीचा असेल तर दोष वरच्या दोघांचा. तिच्यात सगळं ठीक आणि पानावर बिघडलेलं असेल तर लाटेकचा. इंटरनेटवर सापडलेला उपाय कुठे चिकटवायचा, याचा निम्मा गोंधळ एवढ्यानेच संपतो.

आधी कागद, मग बाकी सगळं

ही साधनं अमेरिकी सवयीची आहेत. वेगळं काही सांगितलं नाही तर ती लेटर आकाराचा कागद धरतात: सुमारे २१६ बाय २७९ मिलिमीटर. आपल्याकडे प्रिंटरमध्ये ए४ असतो, २१० बाय २९७. फरक किरकोळ वाटतो, पण लेटरची पीडीएफ ए४ वर काढताना प्रिंटर एक तर पान आकसवतो नाही तर कडा कापतो, आणि खाली उगाच पट्टा मोकळा राहतो. म्हणून फाइलच्या माथ्यावर पहिली सूचना कागद ए४ असल्याची, आणि दुसरी समासाची. अहवालाला स्पायरल बाइंडिंग होणार असेल तर डावा समास थोडा जास्त ठेवा. नाही तर प्रत्येक ओळीचं पहिलं अक्षर भोकात जातं.

समास चारही बाजूंनी एक इंच धरला तर ए४ वर मजकुराला १५९ मिलिमीटर, म्हणजे ६.२७ इंच रुंदी उरते. हा आकडा भिंतीवर लिहून ठेवण्यासारखा आहे. पुढचं जवळजवळ सगळं त्यावरून ठरतं.

समजा, पडद्यावर ऐसपैस दिसावा म्हणून तुम्ही आलेख १० इंच रुंद काढला. लाटेक तो ६.२७ इंचांत बसवण्यासाठी ६३ टक्क्यांवर आणणार, आणि त्याच्यातली अक्षरंही त्याच प्रमाणात लहान होणार. आरमध्ये आलेख काढणाऱ्या ‘जीजीप्लॉट’ पॅकेजमध्ये मूळ अक्षर ११ पॉइंटचं असतं आणि अक्षांवरचे आकडे त्याच्या ८० टक्के, म्हणजे ८.८ पॉइंटचे. ६३ टक्क्यांवर आल्यावर ते साडेपाच पॉइंटचे होतात. औषधाच्या बाटलीवरच्या मजकुराशी स्पर्धा. मग लोक आलेखातली अक्षरं १८ पॉइंटची करतात, पुढच्या आलेखाची रुंदी वेगळी असल्यामुळे तिथे ती राक्षसी दिसतात, आणि एकाच अहवालात पाच आलेखांत पाच मापांची अक्षरं येतात. मोठ्या मापाचा सदरा शिवून मग तो धुऊन आटवण्यातला हा प्रकार आहे. त्यापेक्षा आलेख काढतानाच ६.२ इंच रुंद आणि साधारण ४ इंच उंच काढा आणि नंतर त्याला हात लावू नका. मजकूर ११ पॉइंटचा असेल तर आलेखातली अक्षरं ९-१० ची ठेवली की दोन्ही एकाच हाताने लिहिल्यासारखी दिसतात.

आलेख पळतो का, तर लाटेकसाठी आकृती ही ‘तरंगती’ वस्तू असते. या पानावर मावत नसेल तर ती पुढच्या पानावर जाते आणि मोकळी जागा मजकुराने भरली जाते. छापील पुस्तकात हेच शहाणपणाचं असतं. अहवाल वाचणाऱ्याला मात्र ‘खालील आलेखात दिसतं’ असं वाचल्यावर खाली आलेखच हवा असतो. ‘फ्लोट’ नावाचं पॅकेज घेऊन आकृतीची जागा मोठ्या एच अक्षराने पक्की करता येते. माझं मत विचाराल तर सरसकट सगळ्या आकृत्या खिळवू नका, पानं अर्धी रिकामी राहतात. मजकुरात ‘आकृती ३ पाहा’ असा क्रमांकाने उल्लेख करा आणि ती इकडेतिकडे सरकली तरी सरकू द्या. क्रमांक आपोआप जुळवायची सोय क्वार्टोत आहेच.

ठिपक्यांच्या आलेखाबद्दल एक सावधगिरी. पीडीएफमध्ये आलेख सहसा रेषांच्या स्वरूपात जातो, त्यामुळे कितीही मोठा केला तरी धूसर होत नाही. पण लाखभर नोंदींचा आलेख असेल तर लाखभर ठिपके एकेक करून फाइलमध्ये लिहिले जातात. फाइल फुगते आणि ते पान उघडताना संगणक गप्प बसतो. असा एखादा आलेख ३०० डीपीआयच्या (इंचाला ३०० ठिपक्यांच्या) चित्रासारखा, पीएनजीमध्ये काढावा. ६.२७ इंचांना साधारण १,९०० पिक्सेल रुंदी पुरते.

तक्ते

तक्ता बिघडतो तो रकान्यांच्या हावरेपणाने. महाराष्ट्राच्या ३६ जिल्ह्यांचा तक्ता घ्या. ‘बीड’ आणि ‘लातूर’ला बोटभर जागा पुरते, म्हणून सुरुवातीला सगळं छान वाटतं. मग ‘छत्रपती संभाजीनगर’ येतं, पहिला रकाना एकदम रुंद होतो आणि उजवीकडचे दोन रकाने कागदाबाहेर. लाटेकच्या साध्या तक्त्यात रकाना सगळ्यात लांब नोंदीएवढा होतो. ओळ आपणहून मोडत नाही. उपाय म्हणजे पहिल्या रकान्याला ठरावीक रुंदी द्यायची, ३० मिलिमीटर वगैरे, म्हणजे लांब नाव दोन ओळींत मोडतं. आरमध्ये ‘केबलएक्स्ट्रा’ नावाचं पॅकेज हे करू देतं. त्यात सगळा तक्ता आकसून पानात बसवायचीही सोय आहे आणि ती फार मोहात पाडते. नऊ रकान्यांपर्यंत ठीक. चौदा रकाने आकसले की वाचायला भिंग लागतं. तेव्हा पान आडवं करा, नाही तर रकाने कमी करा. बहुतेक वेळा रकाने कमी करणंच बरोबर असतं, कारण चौदापैकी सहा कोणी वाचतच नाही.

तालुकानिहाय तक्ता साडेतीनशेहून जास्त ओळींचा होतो. तो एका पानात मावणार नाही, त्यामुळे ‘लाँगटेबल’ प्रकार लागतो आणि प्रत्येक पानावर शीर्षकओळ पुन्हा छापायची सूचना लागते. ती विसरली की पाचव्या पानावरचा वाचक कुठला रकाना कशाचा ते मागे जाऊन शोधत बसतो.

रेघांबद्दल: चारी बाजूंनी चौकटी आखायची आपल्याला शाळेपासून सवय आहे. लाटेकमधलं ‘बुकटॅब्ज’ पॅकेज उलट सांगतं. उभी रेघ एकही नको; आडव्या फक्त तीन, वर, शीर्षकाखाली आणि शेवटी. एकदा करून बघा, आकडे मोकळे श्वास घेतात. आकडे उजवीकडे टेकवायचे, नावं डावीकडे, आणि एका रकान्यात दशांशस्थळं सारखीच. सर्वेक्षणाच्या टक्केवारीला एक दशांश बास झाला. पी-मूल्याच्या (फरक मुळात नसतानाही असा निकाल येण्याच्या संभाव्यतेच्या) जागी एसपीएसएस हे सॉफ्टवेअर ‘.०००’ दाखवतं, ते तसंच उतरवू नका. संभाव्यता शून्य नसते, ती फक्त ०.००१ पेक्षा कमी असते, आणि तसंच लिहायचं.

स्वल्पविरामाचाही एक घोळ आहे. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्राची लोकसंख्या ११,२३,७४,३३३. आरला हजारांचा स्वल्पविराम घाल म्हटलं की तो ११२,३७४,३३३ असं लिहितो, कारण तो सरळ तीन-तीनचे गट पाडतो. लाख-कोटींची सवय असलेला वाचक तिथे अडखळतो आणि मनात शून्यं मोजायला लागतो. तक्ते करणाऱ्या ‘जीटी’ पॅकेजमध्ये आकड्याची पद्धत भारतीय ठेव असं सांगायची सोय आहे. बाकी ठिकाणी चार ओळींचं फंक्शन आपलं आपण लिहून ठेवावं.

मराठी कुठे गेली?

आर मार्कडाउन मुळात ‘पीडीएफलाटेक’ हे जुनं इंजिन वापरतं. त्याला देवनागरी दिसली की ते चूक दाखवून थांबतं. हे बरं, निदान कळतं तरी. मग कोणी तरी सुचवतं की ‘झीलाटेक’ वापर. वापरलं की चूक नाहीशी होते, पीडीएफ तयार होते, आणि मराठी मजकुराच्या जागी काहीच नसतं! झीलाटेकला युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांची संगणकीय अक्षरप्रणाली, कळते, पण मूळच्या लॅटिन मॉडर्न फाँटमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. त्यामुळे ते मुकाट्याने जागा सोडून पुढे जातं आणि अक्षर सापडलं नाही अशी नोंद फक्त लॉग फाइलमध्ये करतं, जी कोणी उघडत नाही.

तेव्हा इंजिन आणि फाँट दोन्ही सांगायचे. फाँट असा निवडा की ज्यात देवनागरी आणि रोमन दोन्ही एकाच घडणीची आहेत. मुंबईच्या ‘एक टाइप’ या फाँट घडवणाऱ्या संस्थेचा ‘मुक्ता’ या कामाला उत्तम, आणि तो फुकट आहे. ‘नोटो’ घराण्यातले देवनागरी फाँटही चालतात. फाँटसोबत लिपी देवनागरी आणि भाषा मराठी असंही सांगावं लागतं. लिपी सांगितली नाही तर जोडाक्षरं सुटी पडतात, वेलांटी भलत्या ठिकाणी जाते. भाषा सांगितली नाही तर काही फाँट ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे काढतात. बहुतेकांना ते लक्षातही येत नाही, पण एकदा दिसलं की खुपत राहतं.

तपासायला मी ‘शेतकऱ्यांच्या’ हा शब्द वापरतो. त्यात रफाराऐवजी येणारा मराठीचा खास अर्धा ‘र’ आहे, अनुस्वार आहे, जोडाक्षरं आहेत. ‘ऱ्या’ नीट आला तर बाकी सगळं सहसा नीट येतं. तिथे पायमोडका ‘र’ आणि शेजारी आख्खा ‘या’ दिसला, तर जुळणी बिनसली आहे. ‘लुआलाटेक’ हे लाटेकचं आणखी एक इंजिन वापरत असाल तर अक्षरजुळणी ‘हार्फबझ’ या प्रोग्रॅमकडून करून घे असं फाँटच्या सूचनेत लिहायचं, ‘टेक लाइव्ह’ या लाटेकच्या संचाच्या २०२० च्या आवृत्तीपासून हार्फबझ त्यात अंगभूतच आहे.

देवनागरीला वर मात्रा-रफार आणि खाली उकार असतात, त्यामुळे इंग्रजीचं ओळींमधलं अंतर दाटीचं वाटतं. ते सव्वापट करा, तक्त्यातही. आणि भाषा मराठी सांगितली की आणखी एक फायदा होतो: लाटेककडे मराठी शब्द कुठे तोडायचे याचे नियम आहेत, ते लागू होतात. नाही तर ‘सर्वेक्षणादरम्यानच्या’सारखा शब्द समास ओलांडून बाहेर लटकतो.

आता ती उरलेली निम्मी. वर केलेलं सगळं मजकुराला आणि तक्त्यांना लागू होतं, आलेखांना नाही. आलेखातली अक्षरं आरने आधीच काढलेली असतात. लाटेकला तो आलेख म्हणजे एक बंद चित्र. म्हणून मजकूर सुंदर मराठीत आणि आलेखाच्या अक्षावर नुसते टिंबांचे पुंजके, असा देखावा दिसतो. आरचं मूळ पीडीएफ यंत्र (आलेख फाइलमध्ये उतरवणारा भाग) जुन्या, एकेरी बाइटच्या अक्षरसंचावर चालतं. त्यात देवनागरी मावत नाही, म्हणून ते टिंबं छापतं. ‘कैरो’ नावाच्या चित्रं काढणाऱ्या प्रोग्रॅमवर चालणारं दुसरं पीडीएफ यंत्र लिनक्सवर हे काम चांगलं करतं. पण कुठल्याही संगणकावर बेधडक चालणारा रस्ता म्हणजे ‘रॅग’ पॅकेज: त्यात अक्षरजुळणी हार्फबझ करतं, आलेख पीएनजीत निघतो, ३०० डीपीआय ठेवला की छपाईतही खुलून दिसतो. फाँटचं नाव इथे दुसऱ्यांदा द्यावं लागतं, जीजीप्लॉटच्या थीममध्ये. मुख्य मजकुराचाच फाँट द्या.

पीडीएफमधली मराठी कॉपी केली की विचित्र का चिकटते, हा प्रश्न नेहमी येतो. पीडीएफमध्ये पानावर काढायचे आकार साठवलेले असतात. ‘कि’मध्ये आपण आधी ‘क’ टाइप करतो आणि मग वेलांटी, पण पानावर वेलांटी आधी काढली जाते. आकारावरून मूळ अक्षराकडे परत जायचा नकाशा फाइलमध्ये असतो, तो जोडाक्षरांपाशी हमखास तोकडा पडतो. शोध घेतानाही हेच आडवं येतं. त्यामुळे वाचकाला आकडे पुढे वापरायचे असतील तर पीडीएफसोबत एक्सेल किंवा सीएसव्ही द्या, त्याला पानावरून उचलायला लावू नका.

रंग आणि झेरॉक्स

आपल्याकडे अहवाल रंगीत छापला तरी फिरतो तो त्याच्या काळ्या-पांढऱ्या झेरॉक्सवर. जीजीप्लॉटचे मूळचे रंग पडद्यावर गोड दिसतात, पण ते मुद्दाम एकाच उजळपणाचे निवडलेले आहेत. झेरॉक्समध्ये लाल, हिरवा, निळा तिन्ही एकाच करड्या छटेचे होतात आणि कुठली रेघ कुठल्या वर्षाची ते कळत नाही. ‘व्हिरिडिस’ ही रंगमाला गडदपासून फिक्याकडे सरकते, त्यामुळे करड्यातही फरक टिकतो आणि रंगांधळ्या वाचकालाही कळतं. तीन-चारच गट असतील तर सरळ रेषांवर नावं लिहा. मागची करडी पार्श्वभूमीही काढून टाका, टोनर तरी वाचेल.

बाकी सॉफ्टवेअरांत तत्त्व तेच, फक्त हत्यारं वेगळी. सॅसमध्ये पीडीएफ ‘ओडीएस’ या निकाल बाहेर काढणाऱ्या सोयीतून निघते. तिथे प्रत्येक प्रक्रियेचा निकाल नव्या पानावर सुरू होतो, म्हणून अर्धी रिकामी पानं. ‘स्टार्टपेज’ बंद केलं की भरतात. आपण शीर्षक दिलं नाही तर प्रत्येक पानाच्या माथ्यावर ‘द सॅस सिस्टिम’ असं छापलं जातं, ते काढायला विसरलेले अहवाल अजून बघायला मिळतात. स्टाटात २०१७ च्या १५ व्या आवृत्तीपासून ‘पुटपीडीएफ’ आहे, परिच्छेद आणि तक्त्याचे कप्पे एकेक करून मांडता येतात. एसपीएसएसवाल्यांनी तक्त्याचं रूप एकदा ठरवून साठवावं आणि मगच निर्यात करावी.

लाटेकचं अवजड इन्स्टॉलेशन आणि त्याचे अगम्य एरर नकोसे झाले असतील तर बर्लिनमध्ये घडलेलं ‘टायपस्ट’ बघा. २०२४ च्या जानेवारीतल्या क्वार्टो १.४ पासून त्यातूनही पीडीएफ काढता येते. वेग भन्नाट आहे आणि चूक कुठल्या ओळीत आहे ते माणसाच्या भाषेत सांगतं. प्रबंध किंवा नियतकालिकाचा ठरलेला लाटेक साचा असेल तर मात्र लाटेकच.

हे सगळं एकदा एका साच्यात बसवलं की जिल्ह्याचं नाव बदलून तोच साचा ३६ वेळा चालवता येतो. आर मार्कडाउन आणि क्वार्टोत त्यासाठी ‘पॅरामीटर’ची सोय आहे. पहिली पीडीएफ ज्या जिल्ह्याचं नाव सगळ्यात लांब त्याची काढा, ती नीट आली तर ‘बीड’ बिघडणार नाही. आणि छापखान्यात फाइल द्यायच्या आधी ‘पीडीएफफाँट्स’ नावाचं छोटं साधन चालवून सगळे फाँट फाइलच्या आत बसलेत ना ते बघा. यादीतल्या ‘emb’ रकान्यात एखाद्याही फाँटपुढे ‘नो’ असेल तर तो फाँट छापखान्याच्या संगणकावर असेलच असं नाही, आणि तिथला संगणक त्याच्या जागी काय घालेल ते छापून आल्यावरच कळतं.